नरेंद्र करमरकर: ग्वाल्हेरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीत लिनिअर प्रोग्रॅमिंगचा (हाताशी आहे त्यात जास्तीत जास्त नफा कसा काढायचा, या गणिताचा) धडा सुरू झाला की शिकवणीला येणाऱ्या मुलांपैकी कोणीतरी मोबाईलवर करमरकरांचं नाव काढतं. जन्मस्थान म्हणून ‘ग्वाल्हेर’ दिसतं आणि धडा बाजूला राहतो. मुलं घरी गेली की आईवडिलांचे आणि आजोबांचे प्रश्न येतात, ते वेगळेच असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. गणिताचा कंटाळा असेल त्यांनी गजकेचा हिशेब वाचून पुढचे दोन प्रश्न ओलांडावेत आणि थेट भांडणावर यावं. भांडणही चांगलं आहे.

हे करमरकर नेमके कोण?

नरेंद्र कृष्ण करमरकर. १९७८ साली आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पुढे अमेरिकेत कॅलटेकमधून एमएस आणि १९८३ साली बर्कलेहून संगणकशास्त्रात पीएचडी केली. मार्गदर्शक होते रिचर्ड कार्प, त्या विषयातलं फार मोठं नाव. त्यानंतर करमरकर न्यू जर्सीत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅबमध्ये, म्हणजे संशोधन प्रयोगशाळेत, लागले आणि १९८४ साली त्यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंग सोडवण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. आज ती रीत ‘करमरकर अल्गोरिदम’ म्हणून जगभर शिकवली जाते.

ग्वाल्हेरचे म्हणजे आपल्या लष्करचे का? वाडा कुठला?

जन्म ग्वाल्हेरचा, एवढं पुरे. दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडून लष्कर वसलं त्याला दोनशेहून अधिक वर्षं झाली. तेव्हापासून मराठी घरं जनकगंजापासून कंपूपर्यंत पसरलेली आहेत, त्यामुळे प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या करमरकरांशी नातं लावता येतं. जिवंत माणसाच्या घराचा पत्ता शोधत फिरण्यात मला रस नाही. त्यांचं शिक्षण आणि काम मुंबई, अमेरिका, पुन्हा मुंबई आणि पुणे असं झालं. ‘आपल्या मातीचा गुण’ वगैरे भाषणं गणपतीत ऐकायला बरी वाटतात, पण १९८४च्या निबंधात मातीचा काही संबंध नाही.

ते गणितज्ञ की सॉफ्टवेअर इंजिनिअर?

पदवी इंजिनिअरची, डॉक्टरेट संगणकशास्त्राची आणि सिद्धता गणितज्ञाची. वर्तमानपत्रांनी त्यांना गणितज्ञ म्हटलं. पण त्यांनी सिद्धता लिहून हात झटकले नाहीत. १९८९ साली अॅडलर, रेझेंडे आणि वेगा यांच्याबरोबर त्यांचा एक निबंध आला, त्यात ही रीत यंत्रावर प्रत्यक्ष कशी चालवायची ते आहे. या रीतीत दर पावलाला एक भलंमोठं समीकरणांचं जाळं सोडवावं लागतं आणि जवळजवळ सगळा वेळ तिथेच जातो. त्या जाळ्यात बहुतेक जागी शून्य असतं. ती शून्यं न साठवता, न गुणता काम कसं उरकायचं यावरच रीत वेगानं धावणार की रखडणार हे ठरतं. हे काम सॉफ्टवेअरचंच. म्हणून मी त्यांना आरंभीच्या मोठ्या सॉफ्टवेअरवाल्यांत बिनदिक्कत धरतो.

लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणजे काय? बारावी न झालेल्यांना कळेल असं सांगा.

संक्रांतीच्या आधीचे दिवस, आणि दुकान दौलतगंजात आहे असं समजा. (गजक मूळ आपली की मोरेनाची, हा वाद इथे नको.) दुकानदार दोनच गोष्टी करतो: गजक आणि तिळाचे लाडू.

एक किलो गजकेला ६०० ग्रॅम तीळ, ४०० ग्रॅम गूळ आणि कारागिराची ८ मिनिटं लागतात, कारण ती कुटावी लागते. एक किलो लाडवांना तीळ आणि गूळ अर्धा-अर्धा किलो आणि ५ मिनिटं. आज घरात तीळ ६० किलो, गूळ ५४ किलो आणि कारागिरांची मिळून ७०० मिनिटं आहेत. गजकेवर किलोमागे ९० रुपये सुटतात, लाडवांवर ६०. किती काय करावं?

‘गजकेत जास्त सुटतात, सगळी गजकच करा’ असं घाईचा माणूस म्हणेल. मग ७०० मिनिटांत साडेसत्याऐंशी किलो गजक होते आणि नफा ७,८७५ रुपये. सगळे लाडूच केले तर गूळ १०८ किलोंवर संपतो, नफा ६,४८०. आता कागदावर आडव्या रेषेवर गजक आणि उभ्या रेषेवर लाडू धरून तीळ, गूळ आणि वेळ यांच्या तीन रेघा ओढा. आत जो पाच कोपऱ्यांचा तुकडा उरतो, तेवढंच दुकानदाराला शक्य आहे. सर्वांत चांगलं उत्तर नेहमी कुठल्यातरी कोपऱ्यात सापडतं. इथे ते ५० किलो गजक आणि ६० किलो लाडू या कोपऱ्यात आहे: नफा ८,१०० रुपये. तीळ संपले, वेळ संपला, चार किलो गूळ उरला. याच रीतीनं विमान कंपन्या कुठलं विमान कुठे पाठवायचं ते ठरवतात आणि तेलशुद्धीकरण कारखाने कुठलं तेल किती मिसळायचं ते.

मग कोपरे तपासले की झालं. यात शोध कसला?

दोन पदार्थ होते म्हणून पाच कोपरे झाले. पदार्थ हजार आणि अटी दोन हजार असतील तर कोपऱ्यांची संख्या लिहायलाही कागद पुरत नाही.

१९४७ साली जॉर्ज डँटझिग यांनी सिम्प्लेक्स ही रीत दिली. एका कोपऱ्यावर उभं राहायचं, शेजारच्या ज्या कोपऱ्यावर नफा वाढतो तिकडे कडेकडेनं जायचं, आणि वाढायचा थांबला की तेच उत्तर. व्यवहारात ती फार चांगली चालते, इतकी की चाळीस वर्षं सगळ्या जगाचं त्याच एका रीतीवर भागलं. पण १९७२ साली क्ली आणि मिंटी या दोघांनी मुद्दाम वाकडी उदाहरणं रचून दाखवली. त्यांत सिम्प्लेक्सला एकेक करून सगळे कोपरे फिरावे लागतात. पन्नास चलांचं (चल म्हणजे ठरवायचा आकडा, जसे वर गजक आणि लाडू) असं उदाहरण घेतलं तर २चा ५०वा घात, म्हणजे अकरा लाख अब्जांहून जास्त कोपरे. म्हणजे रीत रोज उपयोगी पडायची, पण ती कधी अडकणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नव्हतं.

हमी १९७९ साली सोव्हिएत युनियनमधल्या लिओनिद खाचियान यांनी दिली. त्यांची रीत कधीही बेसुमार वेळ घेणार नाही हे सिद्ध झालं, पण प्रत्यक्ष चालवली तर ती इतकी संथ की कोणी वापरेना. एकीकडे हमी नसलेला वेग, दुसरीकडे वेग नसलेली हमी. करमरकर आले ते या पेचात.

करमरकरांनी काय वेगळं केलं?

ग्वाल्हेरचा किल्ला डोळ्यापुढे आणा. सिम्प्लेक्स तटावरून बुरुजामागून बुरूज करत चालते. करमरकर तटावर चढतच नाहीत, ते आतल्या पटांगणातून चालतात.

ऐकायला सोपं आहे, आणि मुलं लगेच विचारतात की मग हे आधी कोणाला कसं सुचलं नाही. सुचलं होतं. अडचण वेगळी आहे, ती गजकेवरच बघा. समजा आपण १० किलो गजक आणि ९० किलो लाडू इथून निघालो. नफा ६,३००. तीळ ९ किलो शिल्लक, वेळ १७० मिनिटं शिल्लक, पण गूळ फक्त ५ किलो. नफा ज्या दिशेनं सर्वांत झपाट्यानं वाढतो त्या दिशेनं सरळ चालत गेलो तर दोन-चार पावलांत गूळ संपतो आणि आपण ७,१८६ रुपयांच्या आसपास भिंतीला धडकून थांबतो. ८,१०० अजून लांब आहेत. भिंतीजवळून निघालेल्याला मोठी उडी घेताच येत नाही.

करमरकरांची युक्ती अशी. पाऊल टाकण्याआधी साऱ्या आकृतीचंच रूपांतर करायचं, प्रक्षेपीय भूमितीतलं, असं की आपण उभे आहोत तो बिंदू नव्या आकृतीच्या मध्यावर येईल. आता कुठलीच भिंत जवळ नाही. निधडेपणानं मोठं पाऊल टाकायचं, भिंतीच्या थोडं अलीकडे थांबायचं, मूळ आकृतीत परत यायचं. नव्या जागेवरून पुन्हा रूपांतर, पुन्हा पाऊल. दर पावलाला आपण उत्तराच्या निदान इतके तरी जवळ सरकतोच, हे त्यांनी एक खास फलन रचून सिद्ध केलं. सगळी करामत त्या सिद्धतेत आहे. आतून चालणं इतरांनाही जमलं असतं. प्रत्येक पावलाची हमी देणं जमत नव्हतं.

निबंधातला हिशेब असा की एकूण कामाची वाढ चलसंख्येच्या साडेतीनाव्या घातानं मर्यादित राहते, आणि खाचियान यांच्या रीतीपेक्षा ती अडीच घातांनी कमी आहे. या घराण्याच्या आजच्या रीती काही डझन पावलांत उत्तराशी पोचतात, मग चलं हजार असोत की दहा लाख. पाऊल जड असतं, पण पावलं मोजकी.

१९८४ साली एवढा गाजावाजा का झाला?

निबंध ‘कॉम्बिनेटॉरिका’ या नियतकालिकात आला, ते तज्ज्ञांपुरतं राहिलं असतं. पण १९ नोव्हेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर बातमी दिली. विमानं, टेलिफोन, तेल असे सगळे खर्चिक धंदे ज्या हिशेबावर चालतात तो हिशेब आता कितीतरी पट वेगानं होणार, म्हटल्यावर लोकांचे कान टवकारणारच. सिम्प्लेक्सपेक्षा पन्नासपट वेग असा आकडाही चर्चेत आला.

आणि भांडण?

पन्नासपट म्हणजे कुठल्या गणितांवर, कुठल्या यंत्रावर, सिम्प्लेक्सच्या कुठल्या प्रोग्रॅमशी तुलना करून? तज्ज्ञांनी हे विचारलं तेव्हा बेल लॅबकडून पुरता तपशील मिळेना. निबंधात सिद्धता होती. वेगवान प्रोग्रॅम मात्र कंपनीनं आपल्याजवळच ठेवला. दुसऱ्याला पडताळून बघता येत नाही असा दावा विज्ञानात खपत नाही, आणि सभांमधून बरीच खडाजंगी झाली. लोकांनी मग स्वतःच प्रोग्रॅम लिहिले. कोणाला वेग मिळाला, कोणाला नाही.

१९८६ साली गिल, मरे, सॉन्डर्स, टॉमलिन आणि राइट यांनी दाखवून दिलं की करमरकरांची रीत आणि १९६०च्या दशकातली ‘लॉगॅरिदमिक बॅरिअर’ (भिंतीजवळ जावं तसा दंड वाढवत आतच ठेवणारी) ही जुनी रीत यांचं आतून जवळचं नातं आहे. फियाको आणि मॅकॉर्मिक यांनी तिच्यावर १९६८ साली पुस्तक लिहिलं होतं, पण लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी ती कोणी मनावर घेतली नव्हती. काही जणांनी यावरून ‘म्हणजे नवं काहीच नाही’ असा सूर लावला. मला तो कोतेपणाचा वाटतो. जुन्या रीतीला ती हमी नव्हती, आणि करमरकर येईपर्यंत फडताळातून ती बाहेर काढायची कोणाला गरज वाटली नव्हती.

रशियनांनी हे आधीच शोधलं होतं म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं. इव्हान दिकिन हे लिओनिद कांतोरोविच यांचे विद्यार्थी. कांतोरोविच यांनी १९३९ सालीच कारखान्यांच्या नियोजनासाठी लिनिअर प्रोग्रॅमिंगचा पाया घातला होता, आणि १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दिकिन यांनी १९६७ साली आतून चालणारी एक साधी रीत प्रसिद्ध केली. १९८४ नंतर अमेरिकेत अनेकांनी करमरकरांची रीत सुटसुटीत करायला घेतली आणि जे हाती लागलं ते दिकिन यांचंच निघालं. पण त्या रीतीत प्रक्षेपीय रूपांतर नाही आणि करमरकरांची वेळेची हमीही नाही. दोघांचं श्रेय आपापल्या जागी ठेवावं.

गणिताचं पेटंट मिळतं का हो?

नुसत्या सूत्राचं मिळत नाही. म्हणून एटी अँड टीनं अर्ज केला तो ‘साधनसामग्रीच्या कार्यक्षम वाटपाच्या पद्धती आणि यंत्रणा’ अशा अर्थाच्या नावानं. पेटंट १९८८ साली मिळालं. त्याच वर्षी कंपनीनं कॉर्बएक्स नावाची यंत्रणा बाजारात आणली: आठ प्रोसेसरांचा संगणक, त्यावर करमरकर घराण्याचे प्रोग्रॅम, किंमत ८९ लाख डॉलर. अमेरिकी हवाई दलाच्या मालवाहतूक विभागानं ती घेतली. गिऱ्हाइकं फार मिळाली नाहीत, कारण तोवर साध्या संगणकांवर चालणारे चांगले प्रोग्रॅम कितीतरी कमी किमतीत यायला लागले होते. जपानमध्ये हिरोशी कोन्नो नावाचे प्राध्यापक या पेटंटविरुद्ध झगडले. आज सॉफ्टवेअर पेटंटवर वाद निघाला की हे उदाहरण निघतंच. पेटंटची मुदत कधीच सरली आहे.

माझं मत विचाराल तर पेटंटनं ना कंपनीचं भलं झालं, ना रीतीचं. करमरकर मात्र नोकरदार होते. पेटंट आणि गुप्ततेचा सगळा राग त्यांच्या नावावर निघाला हे मला रास्त वाटत नाही.

म्हणजे सिम्प्लेक्स मोडीत निघाली?

छे. उलट ती जास्त वेगवान झाली. चाळीस वर्षं प्रतिस्पर्धी नव्हता, तो आला तेव्हा सिम्प्लेक्सवाले खडबडून जागे झाले. या क्षेत्रातले मोठे प्रोग्रॅमर रॉबर्ट बिक्स्बी यांनी पुढे हिशेब मांडला: साधारण १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या पंधराएक वर्षांत यंत्रं हजारपटीहून वेगवान झाली, आणि नुसत्या रीती सुधारल्यामुळे आणखी तितकाच फायदा झाला. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रीती शेजारी असतात. फार मोठं गणित आतून चालून उत्तराजवळ न्यायचं आणि शेवटी सिम्प्लेक्सच्या हाती देऊन नेमका कोपरा गाठायचा, असाही प्रघात आहे. १९९२ साली संजय मेहरोत्रा यांनी आतल्या रीतीला जी सुधारणा दिली, ती आज बहुतेक प्रोग्रॅमांचा कणा आहे.

१९८४च्या आधी त्यांनी काही केलं होतं का?

हो, आणि ते मला फार आवडतं. १९८२ साली कार्प यांच्याबरोबर त्यांनी वाटणीच्या प्रश्नावर एक रीत दिली. दोन भावांत पाच वस्तू वाटायच्या आहेत, किंमती ८, ७, ६, ५ आणि ४ लाख. दोघांना शक्यतो सारखं यायला हवं.

आपण सगळे करतो तसं करा: मोठी वस्तू आधी आणि दर वेळी ज्याच्याकडे कमी त्याला द्या. एकाकडे ८ आणि ५, दुसऱ्याकडे ७, ६ आणि मग ४. फरक ४ लाखांचा, कोर्टकचेरीला पुरेसा. करमरकर-कार्प रीतीत कोणाला काय द्यायचं ते आधी ठरवतच नाहीत. सर्वांत मोठ्या दोन वस्तू वेगवेगळ्या भावांकडे जातील एवढंच नक्की करायचं आणि त्यांच्या जागी त्यांचा फरक लिहायचा. ८ आणि ७ गेले, १ आला. ६ आणि ५ गेले, १ आला. उरले ४, १, १. मग ३ आणि १. मग २. फरक २ लाख. (खरं उत्तर शून्य आहे: ८ आणि ७ एकाला, बाकी दुसऱ्याला. पण वस्तू शेकड्यांनी असतील तर ते शोधणं महाकठीण, आणि ही रीत चुटकीसरशी आश्चर्यकारक जवळ पोचते.)

भारतात परत आल्यावर काय केलं?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही वर्षं प्राध्यापक होते. विषय महासंगणकाच्या रचनेचा, आणि तोही भूमितीतून. बेल लॅबमध्ये असतानाच, १९९१च्या सुमारास, त्यांनी ही कल्पना मांडली होती.

सात बिंदू आणि सात रेषांची एक आकृती असते. प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा, आणि कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांतून जाणारी रेषा एकच. आता बिंदूंच्या जागी स्मृतीचे सात कप्पे ठेवा आणि रेषांच्या जागी सात प्रोसेसर. कुठल्याही दोन कप्प्यांतली माहिती एकत्र करायची असेल तर ते काम कोणाचं हे आकृतीनंच ठरवलेलं आहे, आणि काम सगळ्यांवर सारखं वाटलं जातं. एकाच कप्प्याच्या दारात सगळे रांग लावून उभे आहेत असं होऊ नये, म्हणून क्रमही आधीच आखता येतो. मोठ्या यंत्रांसाठी अशाच मोठ्या आकृत्या घ्यायच्या.

पुढे काही काळ ते टाटा समूहाचे सल्लागार होते. समूहाच्या पुण्यातल्या संगणन प्रयोगशाळेचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७मध्ये जगात चौथा आणि आशियात पहिला ठरला. यंत्र म्हणून तो ‘करमरकरांचा संगणक’ नाही. प्रयत्नाच्या सुरुवातीच्या काळात ते त्यात होते आणि नंतर बाहेर पडले.

पुरस्कार कोणकोणते?

लँचेस्टर (१९८४), फुल्कर्सन (१९८८) आणि एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा पॅरिस कनेलाकिस पुरस्कार (२०००). हा शेवटचा ज्या सैद्धांतिक कामाचा प्रत्यक्ष संगणनावर ठसा उमटला त्यासाठी देतात. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर: नोबेल नाही, गणिताला नोबेल नसतंच.

मुलीला यात गोडी वाटते. कुठून सुरू करू?

आधी गजकेचं गणित आलेख-कागदावर काढायला लावा, पाचही कोपऱ्यांवरचा नफा तिनं हातानं काढायचा. बारावीच्या पुस्तकात हीच रीत आहे. मग पायथॉनमध्ये सायपाय नावाचं मोफत साधन आहे, त्यातलं ‘लिनप्रोग’ हे फलन वापरून तेच उत्तर येतं का ते बघावं. लिनप्रोग कमीतकमी शोधतं, म्हणून नफ्याचे आकडे उणे करून द्यावे लागतात. मुलं हमखास इथे अडकतात. त्यातच सिम्प्लेक्स किंवा आतून चालणारी रीत निवडायची सोय आहे, दोन्ही चालवून बघता येतात. दोन पदार्थांवर फरक कळणार नाही, काही हजार चलं घ्यावी लागतील. पहिल्या वर्षाचं मॅट्रिक्सचं गणित झालं की १९८४चा मूळ निबंध हाती द्या. तेवीस पानांचा आहे, आणि सुरुवातीची काही पानं धीरानं वाचली तर समजतात. कोचिंगवाल्यांना यात रस नसेल, कारण परीक्षेत हे येत नाही.